टाइपरायटरवरची बोटं आणि न्यू जर्सीचं घड्याळ

(मोबाइल, संगणक आणि रोजच्या कामातल्या अडचणींबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई नाशिकमध्ये घरातून अनुवादाचं काम करतात.)

ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत कारकून आहे. मराठी टायपिंगची परीक्षा पास आहे, हात चांगला चालतो. पण मी टाइप केलेलं पत्र सरांच्या मोबाइलवर गेलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मग प्रिंट काढून तिचा फोटो पाठवावा लागतो. काही मार्ग आहे का?

आहे, आणि फुकटात आहे. तुमच्या हातात खोट नाही, फॉन्ट जुना आहे. कृतिदेव, शिवाजी या पिढीच्या फॉन्टमध्ये संगणक आतून इंग्रजी अक्षरंच साठवतो. फॉन्ट त्यांना वरून मराठीचा मुखवटा चढवतो. सरांच्या मोबाइलमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून मुखवटा गळून पडतो. उपाय म्हणजे युनिकोड. जगभर चालणाऱ्या या पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. ‘क’चा ०९१५. तो बीडमध्येही तोच आणि बोस्टनमध्येही तोच. देवनागरी तिथे १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तरी आपल्याकडची कितीतरी कार्यालयं अजून प्रिंटचे फोटो पाठवत बसली आहेत!

तुमची बोटं रेमिंग्टनला, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळमांडणीला, सरावलेली असणार. त्याच मांडणीत युनिकोड उमटवणारी साधनं मिळतात. निवृत्ती जवळ आली असेल तर तीच घ्या, उगाच हाताला नवी सवय लावू नका. नोकरीची बरीच वर्षं उरली असतील, तर मी इनस्क्रिप्ट शिका म्हणेन, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळमांडणी. ते विंडोजमध्ये आधीपासूनच असतं. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा आणि विंडोजचं बटण व स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करा. काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘क’ के या कळीवर, शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ‘ख’. ‘ग’ आयवर, शिफ्टसह ‘घ’. हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, डीवर. यामागे तर्क आहे, म्हणून ते बोटांत बसतं.

एक गोष्ट मात्र कोणी शिकवत नाही. ‘दुसऱ्या सत्राचा अहवाल’ लिहिताना ‘दुसर्या’ उमटतं आणि माणसं ते तसंच सोडून देतात. शिफ्टसह जे दाबा, मग डी, मग ‘य’. नीट ‘ऱ्य’ येतो. साधा रफार हवा असेल तर शिफ्ट न धरता जे आणि डी. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मजकुरात ही चूक इतकी असते की मी आता तिच्यावर लाल खूणही करत नाही, थेट दुरुस्त करते.

जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येतात, पण जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. जिथे फक्त छापील कागद उरला आहे, तिथे त्याचा स्वच्छ फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून तो गूगल डॉक्सने उघडा. फोटोखाली मजकूर मिळतो. तक्ते मात्र विस्कटतात. निकालपत्रकासाठी या भानगडीत पडू नका.

कामांची यादी ठेवायला कोणतं अॅप चांगलं? मी चार-पाच वापरून सोडली. – गृहिणी आणि डबेवाल्या, सांगली

सहावं घेऊ नका. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच संदेश पाठवता येतो. ती खिडकी वर पिन करून ठेवा आणि तिथेच लिहा: उद्या दोन डबे कमी, गॅस नोंदवणे. हात पिठाचे असतील तर बोलून ठेवा. पैशांचा हिशेब मात्र वहीत.

मुलगा न्यू जर्सीत आहे. रविवारी संध्याकाळी साडेसातला आमचा व्हिडिओ कॉल ठरलेला. नोव्हेंबर आला की तो म्हणतो, “आई, अजून झोपलोय.” दरवर्षी हाच घोळ. – एक आई, पुणे

घड्याळ त्याच्याकडे बदलतं, आपल्याकडे नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी काटे तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. म्हणून आपलं अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं, हिवाळ्यात साडेदहाचं. तुमचे साडेसात म्हणजे त्याचे उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ. रविवारी नऊ वाजता तरुण मुलगा झोपलेला असणारच, त्याला रागावू नका.

फोनच्या घड्याळात जागतिक घड्याळ असतं, त्यात न्यूयॉर्क जोडा. न्यू जर्सीची वेळ तीच. पण खरा उपाय कॅलेंडरमध्ये आहे. दर आठवड्याची नोंद कोणी करायची ते आधी ठरवा. त्याने आपल्या वेळेनुसार ‘सकाळी दहा’ अशी करून तुम्हाला आमंत्रण पाठवलं, तर तुमच्या फोनवर ती हिवाळ्यात आपोआप साडेआठला सरकेल. तुम्ही केलीत तर तुमचे साडेसात जागचे हलणार नाहीत, उठायचं त्याला. कोणाची झोप मोडायची हा घरचा निर्णय, त्यात अॅप पडत नाही. माझी बहीण म्युनिकला असते. तिथे बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, आणि अंतर साडेतीन किंवा साडेचार तासांचं. आमच्यात नोंद मी करते, कारण मी थोरली.

नणंदबाई सात-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवतात. न ऐकता उत्तर दिलं तर त्यांना कळतं. – नाव नको, कोल्हापूर

मेसेज सुरू केल्यावर शेजारी ‘१×’ दिसतं. त्यावर दोनदा टिचकी मारा, वेग दुप्पट होतो. भाजी निवडता निवडता साडेतीन मिनिटांत संपेल. शेवटची अर्धी मिनिट मात्र नेहमीच्या वेगाने ऐका. त्यांचा खरा प्रश्न तिथेच असतो.