आप्पांचं दुकान आणि आप्पांचं घर

प्रश्न : ताई, माझे आजोबा (आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो) गेल्या श्रावणात वयाच्या 93व्या वर्षी गेले. तरुणपणी काही वर्षं ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात फिटर होते. पुढे पलूसला ऑइल इंजिन आणि पंपांच्या सुट्या भागांचं दुकान काढलं आणि शेवटपर्यंत चालवलं. वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय, लिहायचं काम माझ्याकडे आलंय. काका म्हणतात, 'धंद्याचं लिही, शून्यातून उभं केलं ते.' आत्या म्हणते, 'दुकान कशाला, आमचे वडील कसे होते ते लिही.' शिवाय जन्मतारखेचा घोळ आहे. आणि भागीदाराशी जे फाटलं, ते लिहावं का?
– एक नात, जि. सांगली

उत्तर : काका आणि आत्या, दोघांचंही ऐका, पण पुस्तिकेचे दोन भाग पाडू नका. माझ्याकडे अशा स्मरणिका पुष्कळ येतात. पहिल्या अर्ध्यात सचोटी, जिद्द, चिकाटी. दुसऱ्या अर्ध्यात प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल. वरचं नाव बदललं की ती कोणाचीही होते. 93 वर्षं जगलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या भागात इंजिनाचे पैसे ऊसबिल आल्यावर मिळायचे. शेतकरी भर उन्हाळ्यात पिस्टन रिंग किंवा फूटव्हॉल्व्ह उधारीवर न्यायचा, कारण उभा ऊस वाळत असायचा. पैसे साखर कारखान्याचं बिल निघेल तेव्हा. मग मधल्या महिन्यांत तुमच्या घरातला किराणा कशावर चालला? आजीनं पाटल्या कधी मोडल्या का? काकांची फी कुणाकडून आणली? हे विचारलंत की दुकान आणि घर आपोआप एका पानावर येतील. रात्री अकराला इंजिन बंद पडलं म्हणून कोणी दार वाजवलं, तर चहा कोण टाकायचं, हेही आत्याला नक्की आठवत असेल. ते धंद्याचं की घरचं, मला तरी ठरवता येणार नाही.

आप्पा जिथे काम शिकले त्या किर्लोस्करवाडीचंच बघा. ती वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 20 जून 1869चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा; ते गेले 26 सप्टेंबर 1956ला, म्हणजे सत्त्याऐंशी वर्षांचं आयुष्य. त्यांना व्हायचं होतं चित्रकार. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत असं निघालं आणि ब्रश सुटला. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवलं. नोकरी सोडून बेळगावात सायकलींचा धंदा, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती; पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली असं सांगतात. त्या दोन वर्षांत घर कसं चाललं असेल, हाच प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. मोठे भाऊ रामूअण्णा धंद्यात बरोबरीनं उभे नसते तर पुढचं काही झालं असतं का?

बेळगाव नगरपालिकेनं गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा घेतली तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, कुंडलजवळचा माळ दिला. 1910मध्ये निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर लक्ष्मणराव एकटे गेले नाहीत, पत्नी राधाबाई आणि सगळं बिऱ्हाड बरोबर होतं, कामगारांची कुटुंबंही. रात्रीच्या पहाऱ्याला त्यांनी शिक्षा भोगून सुटलेली माणसं ठेवली. बायका-मुलं झोपलेली असताना राखणीला अशी माणसं ठेवणं ही किती विश्वासाची गोष्ट आहे! पुढे पुतणे शंकरराव यांनी 1920मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढलं, 1930मध्ये 'स्त्री' सुरू केलं. थोरला मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकून आला. यातली एक गोष्ट उद्योगाची आणि दुसरी कुटुंबाची असं कुणी वाटून दाखवावं.

राधाबाईंबद्दल मात्र अजून कितीतरी जास्त लिहायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं. म्हणून सांगते, आजी असतील तर आधी त्यांच्याजवळ बसा. नसतील तर त्यांच्या बहिणी, जावा, शेजारणी गाठा.

आता तारीख. शाळेच्या दाखल्यावर 1 जून असेल तर तिच्यावर विसंबू नका. त्या काळी गुरुजी नाव घालताना सर्रास 1 जून टाकत. तुमच्या-माझ्या नात्यात निम्मी म्हातारी माणसं त्याच दिवशी जन्मलेली आहेत. त्यापेक्षा घरातली माणसं वर्षं कशी सांगतात ते ऐका. गांधीजी गेले तेव्हाच्या जळितात वाडीचा कारखानाही पेटवला गेला होता. आप्पा तेव्हा केवढे होते? कोयनेचा भूकंप झाला (11 डिसेंबर 1967, पहाटे) तेव्हा दुकानाच्या फळ्यांवरचं सामान खाली आलं का? बहात्तरच्या दुष्काळात विहिरीच आटल्या, मग इंजिनं कोण घेणार, तेव्हा आप्पांनी काय केलं? आणि वीज शिवारात पोचून मोटारी बसायला लागल्या, तेव्हा इंजिनाच्या माणसानं मोटारीचं काम कोणाकडून शिकून घेतलं? माझ्या मते हे प्रकरण सगळ्यात रंगेल, त्याला भरपूर जागा द्या. लग्नाची, बारशाची यादी दोन ओळींत उरका.

रोजकीर्द आणि उधारीच्या वह्या रद्दीत घालायच्या बेतात असाल तर आजच थांबवा. एखाद्या पानाचा फोटो त्यांच्या अक्षरासकट छापा, पण देणेकऱ्यांची नावं झाका. त्यांची नातवंडं आज तुमच्याच गावात आहेत. सोडून दिलेल्या उधारीचं आप्पांनी वहीत काय केलं होतं ते पाहा. रेघ मारली होती की तशीच ठेवली होती? त्यावरून मला आप्पा कळतील, 'उदार मनाचे' या दोन शब्दांवरून कळणार नाहीत. दुकानात काम शिकून बाहेर पडलेल्या पोरांनाही शोधा. आप्पा रागावले की काय म्हणायचे ते त्यांनाच तंतोतंत सांगता येईल, आणि ती शिवी असेल तर सौम्य करू नका.

राहिलं भागीदाराचं. लिहा. इतकी वर्षं एका गल्ल्यावर बसलेला माणूस पुस्तिकेतून गायब झाला तर गावातला प्रत्येक जण तेवढंच शोधेल. वेगळे कधी झाले, माल कसा वाटला, नंतर एकमेकांच्या सुखदुःखाला गेले का, एवढं पुरे. चूक कोणाची ते तुम्हाला ठरवायचं नाही. तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हता. आणि छपाईला देण्याआधी ते पान भागीदाराच्या मुलांना नेऊन वाचून दाखवा. त्यांनी काही वेगळं सांगितलं तर तेही त्यांच्याच शब्दांत खाली घाला.