यादी वडिलांची, चार वर्षं मुलीची

पत्र, थोडक्यात: शिवाजी उद्यमनगरात माझं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक सीएनसी. मुलीला इंजिनिअरिंग प्रवेशाच्या एमएचटी-सीईटीला ९१ पर्सेंटाइल आहेत. ओबीसी दाखला आहे, उत्पन्न सहा लाखांच्या आसपास. ती मेकॅनिकल म्हणते, तेही इथंच. पोरीची जात लोखंडात काय करणार? आम्ही पुण्यात कॉम्प्युटर ठरवलंय, पाहुण्यांतही सांगून झालंय. लॉगिन माझ्याच मोबाइलवर आहे, कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म मीच भरलाय. तीस पर्याय, सगळे पुण्यातले. हमखास मिळणारं कॉलेज पहिल्या नंबरला ठेवलंय, म्हणजे सीट हातची जाणार नाही. नाहीच जमलं तर मॅनेजमेंट कोट्याचं एकाशी बोलून ठेवलंय. यादी बरोबर आहे का, तेवढं सांगा.
– एक पालक, कोल्हापूर

यादीकडे येतोच. पण पत्रात मुलगी एका वाक्यात येऊन जाते. ती मेकॅनिकल म्हणते, पण का म्हणते हे कुठंच नाही. तुम्ही विचारलेलंच दिसत नाही. फॉर्म तिच्या नावाचा, ओटीपी तुमच्या फोनवर, आणि तीस पर्यायांत तिच्या मनातला एकही नाही. ९१ पर्सेंटाइलची मला काळजी वाटत नाही, याची वाटते. पाहुण्यांत काय सांगितलं त्याचा विचार सोडा. तिसऱ्या सेमिस्टरला कॉम्प्युटरच्या डेटा स्ट्रक्चर विषयात केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर पाहुणे सोडवायला येत नाहीत.

दुसरी गोष्ट थोडी टोचेल. लोखंडावर तुमचं घर चाललंय आणि मुलीसाठी तेच कमीपणाचं झालंय. ड्रॉइंग, व्हर्नियर, मायक्रॉन, रिजेक्शन हे शब्द ती लहानपणापासून ऐकतेय. मेकॅनिकल मागणाऱ्या बहुतेक मुलांपेक्षा तिला त्यातलं जास्त ठाऊक असणार. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत इथल्या फाउंड्र्यांत आणि मशीन शॉपमध्ये इंजिनिअर काय करतो ते तुम्हाला मी सांगायला नको: पॅटर्नचं कॅड, कास्टिंगचं सिम्युलेशन, स्पेक्ट्रोमीटरवर धातूची तपासणी, सीएमएम यंत्रावर अचूक मोजमाप, सीएनसीचं प्रोग्रामिंग, ग्राहकाच्या ऑडिटची तयारी. यातल्या एकाही कामाला वितळलेल्या धातूची लॅडल उचलावी लागत नाही.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरच्या मानानं कमी असतो. छोट्या युनिटमध्ये बाईमाणसासाठी धड स्वच्छतागृहही नसतं. (तुमच्या वर्कशॉपमध्ये आहे?) हे तिला सांगा आणि मग विचारा. ‘इथंच’ का, हेही विचारा. कोडिंग आवडत नाही म्हणून मेकॅनिकल हवं असेल तर त्या शाखेतही पायथन आणि मॅटलॅबचं कोडिंग चुकत नाही. फक्त घर सोडायची भीती असेल, तर ती शाखा निवडायचं कारण नाही. त्याचं वेगळं बोलू.

आता तुमचा पहिला नंबर. हा गैरसमज दरवर्षी कितीतरी घरांत दिसतो. वर मोठं कॉलेज टाकलं की खालचं निसटतं, असं होत नाही. संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार एकेक उमेदवार घेतो आणि त्याची यादी वरून खाली तपासतो. पहिले अकरा पर्याय मिळण्याजोगे नसतील तर बारावा बघतो, आणि तिथं कमी गुणांच्या कुणी तेच कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं असलं तरी जागा तुमच्याच मुलीला जाते. म्हणजे क्रम आवडीचाच हवा. उलट, हमखास मिळणारं कॉलेज वर ठेवणं हाच धोका आहे. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की सीट ऑटो फ्रीझ होते, म्हणजे आपोआप पक्की होते. घेतली नाही तरी कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, पुढच्या फेऱ्यांची दारं बंद, बेटरमेंट म्हणजे अधिक चांगल्या पर्यायाची संधी नाही. २०२५ च्या प्रवेशांत दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पर्यायांना हाच नियम होता. तुमच्या वर्षाची माहिती पुस्तिका उघडून तेवढं पान वाचा. तुम्ही सुरक्षित म्हणून जे केलंय, त्यानं नको असलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत गळ्यात पडेल.

कटऑफही बहुधा चुकीच्या रकान्यात बघितलाय. राज्याच्या सीईटी सेलच्या कटऑफ पीडीएफमध्ये प्रवर्गाच्या कोडचं पहिलं अक्षर एल असेल तर ती मुलींची जागा, जी असेल तर सर्वसाधारण. शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यपातळी. तिची बारावी कोल्हापूरची असेल तर होम युनिव्हर्सिटी शिवाजी विद्यापीठ, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा. या तीन जिल्ह्यांतल्या खासगी कॉलेजांत तिनं मुलींच्या ओबीसीचा एच रकाना बघायचा, राज्यपातळीच्या जागा असतील तिथं एस. पुण्यात ती बाहेरची, तिथं ओ रकाना, आणि त्या जागा थोड्या असतात. सांगलीचं वालचंद आणि कराडचं सरकारी कॉलेज वर टाकायला काही मोजावं लागत नाही. त्याखाली गोकुळ शिरगावचं केआयटी, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील, इचलकरंजीचं डीकेटीई. ट्यूशन फी वेव्हर (शिक्षण फी माफी) योजनेच्या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी. तो स्वतंत्र टाकावा लागतो, नाहीतर ती जागा विचारातच येत नाही.

या कॉलेजांत एक चक्कर मारून यायला तिला पाठवा, तुम्ही गेटवर थांबा. वर्कशॉपमधली मशिनं चालू आहेत की झाकून ठेवलेली, प्रॅक्टिकलला एका मशिनवर किती मुलं, हे तिनं तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारावं. प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरचे फोटो मोजू नका. शाखेतले किती पात्र होते आणि त्यातले किती लागले, हे विचारा.

मॅनेजमेंट कोट्याचं बोलणं आजच थांबवा. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झाला तरच. संस्थापातळीवर प्रवेश घेतलात की वरचे पैसे जातात आणि ही सवलतही जाते. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल आणि मेस मात्र माफीत नाही. पुण्याचा हिशेब करताना ते धरा.

जेईईतून तिला काही मिळत असेल तर वेगळं लिहा, पत्रात त्याचा उल्लेख नाही.

फॉर्म अजून कन्फर्म केला नसेल तर करू नका, कन्फर्म झाला की त्या फेरीत क्रम बदलत नाही. लॉगिन तिच्या हातात द्या आणि यादी तिला नव्यानं लिहू द्या. पुण्याचं कॉम्प्युटर तिनं स्वतः टाकलं तर उत्तमच. तुमच्याकडं काम आहे ते कागदांचं: जात वैधता प्रमाणपत्र, पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं नॉन-क्रिमिलेअर, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आणि प्रवेशानंतर फी सवलतीसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज. वैधता अजून हातात नसेल तर जात पडताळणी समितीकडच्या अर्जाची पावती आज शोधून ठेवा.