सोसायटीच्या बेसमेंटमधल्या मैलापाण्याच्या टाकीत नवीन कटर पंप बसवला आहे. पहिल्यांदा सुरू करताना काय तपासावं? वायरमन म्हणतो, बटण दाबलं की झालं.

बटण दाबायच्या आधीचं कामच मोठं आहे. अशा पंपांची बसवणी आणि दुरुस्ती हेच माझं काम, त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो: पंप असा बसवा आणि असा चालवा की त्या टाकीत माणूस उतरवायची वेळच येणार नाही. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

पंप गाईड पाइपवर (ज्यावरून तो वर-खाली सरकतो) आणि ऑटो कपलिंगवर (खाली सोडला की पाइपाला आपोआप जुळणारा जोड) बसवलाय का बघा. तसा असेल तर साखळी ओढून तो वरूनच काढता येतो, बसवताही येतो. पंप थेट पाइपाला बोल्टने आवळला असेल, तर पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला कोणाला तरी आत जावं लागेल. बिल्डरकडून हे आत्ताच बदलून घ्या. मैलापाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो, आणि प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकाला वासच येईनासा होतो. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणसं उतरतात आणि वर येत नाहीत. त्यांना काढायला गेलेला दुसराही जातो. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं 2013 च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी कुटुंबाला 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं. कमिटीच्या सगळ्यांना हे माहीत असू द्या.

आता पंपाकडे. नव्या इमारतीच्या टाकीत वाळू, सिमेंटचे गोळे, खिळे, बाइंडिंग वायरचे तुकडे हमखास असतात. कटर मैला आणि कागद कापतो, खिळा नाही. टाकी आधी साफ करून घ्या, तीही सक्शन गाडीने, आणि पहिली चाचणी साध्या पाण्यावर घ्या.

वायरमनला केबल पॅनलपासून सोडवून मोटरला 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावायला सांगा. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर पंप सुरूच करू नका. नव्या पंपाचा आकडा याच्या कितीतरी वर असायला हवा. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) याच वेळी तपासा.

थ्री फेज असेल तर फिरण्याची दिशा बघा. पंप साखळीवर लटकता ठेवा (केबलवर कधीच नाही), सगळ्यांना बाजूला करा आणि क्षणभर सुरू करून बंद करा. पंपावरच्या बाणाच्या उलट दिशेला झटका बसला तर दिशा बरोबर. नसेल तर दोन फेज अदलाबदल करा. उलटा फिरणारा पंपही थोडं पाणी फेकतो, म्हणून नुसतं पाणी आलेलं बघून फसायला होतं. जनरेटर असेल तर तिथेही फेजचा क्रम तोच आहे ना, हे फेज सिक्वेन्स मीटरने बघा. जनरेटरवर उलटे फिरणारे पंप मी बरेच पाहिलेत.

पॅनलमध्ये ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) नेमप्लेटवरच्या करंटवर ठेवा. 3.5 अँपिअर लिहिलं असेल तर 3.5. ट्रिप होतोय म्हणून रिले वाढवून ठेवणारा माणूस तुमची मोटर जाळतो. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हवाच, कारण एक फेज गेला तरी मोटर गुणगुणत राहते आणि वाइंडिंग जळतं.

पंपाच्या केबलमधून मुख्य तारांशिवाय आणखी बारीक तारा येतात. त्या वाइंडिंगच्या थर्मल स्विचच्या आणि सीलमधून पाणी शिरलं का हे सांगणाऱ्या सेन्सरच्या असतात. बरेच वायरमन त्या टेप गुंडाळून सोडून देतात. तुम्ही पॅनल उघडायला लावून स्वतः बघा. थर्मल स्विच मोटर गार झाली की आपोआप जोडला जातो, म्हणून त्याला हाताने रिसेट करावं लागेल असं वायरिंग मागा. नाहीतर अडकलेला कपडा काढायला कोणी कटरजवळ हात घालेल आणि पंप आपणहून सुरू होईल. पंपाला हात लावण्याआधी मेन आयसोलेटर बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात.

फ्लोट, म्हणजे पाण्याच्या पातळीप्रमाणे काम करणारे तरंगते स्विच, निदान चार असू द्या: पंप बंद करणारा, चालू करणारा, दुसरा पंप चालू करणारा, आणि धोक्याचा अलार्म देणारा. बंदचा फ्लोट कंपनीने दिलेल्या किमान पातळीच्या वरच ठेवा, कारण बहुतेक मोटरी भोवतालच्या पाण्यानेच गार राहतात. चालू-बंदमधलं अंतर कमी ठेवलं तर पंप सारखा सुरू होत राहतो आणि मोटर तापते. फार ठेवलं तर मैला कुजून गॅस वाढतो. तासाला किती वेळा सुरू करायचा ही मर्यादा पुस्तिकेत असते, त्यावरून हे अंतर ठरवा. अलार्मला वेगळी लाइन किंवा बॅटरी द्या. पॅनलच ट्रिप झालं तर अलार्मही मुका होऊन चालणार नाही. बऱ्याच पॅनलमध्ये मॅन्युअलवर फ्लोटचं नियंत्रण सुटतं आणि पंप कोरडा चालतो, म्हणून चाचणी झाली की स्विच ऑटोवर.

नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा) बसवलाय आणि त्यापुढचा गेट व्हॉल्व्ह (हाताने उघडबंद करायचा) उघडा आहे ना बघून पंप सुरू करा. मोटर चालतेय पण पाणी येत नाही, असं झालं तर बहुधा आत हवा अडकलेली असते. बंद करा, पंप साखळीने थोडा वर घेऊन पुन्हा बसवा. पाणी नीट वाहू लागलं की टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर) तिन्ही फेजचा करंट मोजा आणि तारखेसह पॅनलच्या दारावर आतून लिहून ठेवा. पुढे कधी करंट त्याहून वाढलेला दिसला तर आधी कटरमध्ये चिंधी किंवा सॅनिटरी पॅड गुंडाळलाय का हे बघायचं.

तुमच्या पंपाच्या नेमप्लेटवरचे एचपी, व्होल्ट आणि अँपिअर, शिवाय टाकीची लांबी, रुंदी, खोली इथे लिहा. फ्लोट कुठे बांधायचे ते हिशोब करून सांगतो.