अहमदाबादमधल्या आधुनिक वास्तूंचे फोटो काढायला सुरुवात कुठून करावी?

आश्रम रोडवरच्या गिरणीमालक संघाच्या इमारतीपासून. स्विस-फ्रेंच वास्तुकार ल कॉर्बुझिए यांची ही १९५४ची वास्तू, आणि माझ्या मते शहरातली सर्वांत फोटोजेनिक. रस्त्याकडची बाजू पश्चिमेची, तिथले ऊन अडवणारे काँक्रीटचे पडदे तिरके आहेत. दुपार कलली की त्यांच्या सावल्या खोल उठतात. साबरमतीकडची बाजू मात्र सकाळीच घ्या. रस्त्यावरून लांब उतार थेट पहिल्या मजल्यावर चढतो, तो फ्रेममध्ये हवाच. कॅमेरा वर तिरपा करू नका, उभ्या रेषा आत झुकतात. त्यापेक्षा मागे सरका. जवळून काँक्रीटवरचे साच्याचे ठसेही टिपा, फार सुंदर आहेत. आत जाण्याआधी परवानगी घ्या. मग साबरमती आश्रमात वास्तुकार चार्ल्स कोरियांचं १९६३चं संग्रहालय. तिथे गर्दी होण्याआधी पोहोचा.