सासूबाईंचं काम त्यांना परत द्या

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्या एक ताई लिहितात: "सासूबाई ७६ वर्षांच्या. दोन महिन्यांपूर्वी रात्री बाथरूमला जाताना पडल्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून आम्ही त्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नाही. रामकुंडावर जाणंही बंद. आता दिवाणावरून आधाराशिवाय उठता येत नाही. दिवसभराची बाई ठेवू, असं ह्यांचं म्हणणं. सासूबाई चिडतात, बोलत नाहीत. काय करू?"

ताई, त्यांचं चिडणं रास्त आहे. तुम्ही काळजीपोटीच बसवलंत, पण बसून राहिलं की मांड्यांची ताकद या वयात झपाट्याने उतरते, आणि पुढचं पडणं त्यातूनच येतं.

आधी त्या पडल्या कशाने ते बघा. रात्री उठताना चक्कर आली होती का? पाच मिनिटं आडवं राहिल्यावर बीपी मोजा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ही नोंद आणि सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जा, झोपेची गोळी असेल तर तीही. स्वतःहून कुठलीच गोळी बंद करू नका.

आता उठण्याचं. दिवाण खोल आणि मऊ असतो, तिथून तरुणालाही उठायला जड जातं. साधारण १८ इंच उंचीची, हाताची, पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. त्यांनी पुढच्या कडेशी सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, छाती पुढे झुकवायची आणि मग टाचांवर जोर देऊन उठायचं. बहुतेकांचं चुकतं ते झुकण्यात: पाठ ताठ ठेवली की भार मागेच राहतो आणि माणूस धपकन परत बसतो. तुम्ही दंडाला धरून ओढू नका. त्याने खांदा दुखावतो आणि पायांना कामच उरत नाही. जमत नसेल तर खाली घट्ट उशी घालून बैठक उंच करा. पाच वेळा, दिवसातून तीनदा. बसताना सावकाश, कारण ताकद तिथेही वाढते. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थांबायचं.

बाथरूममध्ये टॉवेलच्या दांडीवर भरवसा नको, ती अंगाचा भार पेलत नाही. पकडायचा बार जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर बसवतात. मात्र वाड्याच्या माती-चुन्याच्या भिंतीत स्क्रू-बोल्ट नीट धरत नाहीत. तिथे जमिनीवर पक्कं बसणारं स्टँड घ्या. हे काम यजमानांकडे द्या, त्यांच्या भीतीलाही वाट मिळेल. वाटेतली पायपुसणी उचला, रात्री छोटा दिवा चालू ठेवा.

स्वयंपाकघर उद्यापासूनच खुलं करा. भाजी निवडणं, कणीक मळणं खुर्चीत बसून होतं. रोजचे डबे कंबर ते खांद्याच्या उंचीत हवेत, स्टुलावर चढणं मात्र कायमचं बंद.

काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीशी यावी. एक गुडघा दुखत असेल तर काठी त्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात. रामकुंडावर कोणीतरी सोबत असू द्या, आणि ओल्या पायऱ्या सोडून वरच बसा.

बाई ठेवलीत तरी आंघोळीला आणि जिन्यावर जवळ उभं राहण्यापुरती. आणि पुन्हा पडल्या, शुद्ध हरपली किंवा अचानक बोलण्यात गोंधळ वाटला, तर लगेच हॉस्पिटल गाठा.