घरी बांधलेल्या लाकडी विमानाच्या पंखातील सांधे सुटले आहेत. फटीत एपॉक्सी (दोन घटक मिसळून करायचा गोंद) सोडला तर चालेल का?

चालणार नाही. रिबवरचा (पंखाला आकार देणाऱ्या फासळीवरचा) प्लायवूडचा तुकडा सुटला असेल, तर तो पूर्ण काढून दोन्ही पृष्ठभाग भिंगातून पाहावेत: चांगला सांधा उचकटल्यास लाकडाचे तंतू फाटून दोन्हीकडे चिकटलेले दिसतात, पण गोंदाचा थर काचेसारखा गुळगुळीत निघाला, तर तो मुळात धरलेलाच नव्हता आणि त्याच वेळी जोडलेले बाकीचे सांधेही संशयास्पद ठरतात. जुना गोंद खरवडून कोरे लाकूड उघडे करावे. केसीन (दुधातल्या प्रथिनापासून बनवलेला) गोंद तर अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या ‘एसी ४३.१३-१बी’ या मार्गदर्शिकेनेही इतर गोंदांपेक्षा कमी दर्जाचा मानला आहे. रिसॉर्सिनॉल हा कृत्रिम गोंद मजबूत खरा, पण त्याला अगदी बिनफटीचा सांधा, भरपूर दाब आणि किमान २१ अंश सेल्सिअस तापमान लागते. म्हणून घरच्या कामाला मी विमानाच्या लाकडासाठीचा एपॉक्सीच सुचवेन. त्याला हलका दाब पुरतो, आणि क्लॅम्प फार आवळल्यास गोंद बाहेर पडून सांधा कोरडा राहतो. त्याच मिश्रणाने स्प्रूसचे (विमानात वापरतात त्या सूचिपर्णी लाकडाचे) दोन टाकाऊ तुकडे जोडून, पूर्ण वाळल्यावर तोडून पाहावेत. फाटले पाहिजे ते लाकूड, सांधा नव्हे. स्पारचा (पंखाचा भार पेलणाऱ्या मुख्य लांब तुळईचा) सांधा सुटला असेल, तर मात्र लाकडी विमानांचा अनुभव असलेल्या परवानाधारक तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय त्याला हात लावू नये.