अमेरिकेच्या साउथमधल्या खेड्यांत लोकांचे पोर्ट्रेट काढायचे आहेत, अनोळखी माणसाने सुरुवात कशी करावी?

मी अटलांटाजवळ राहतो, सुट्टीला जॉर्जिया-अलाबामाच्या छोट्या गावांतून हेच करत फिरतो, म्हणून लिहितोय.

लेन्स वगैरे नंतर. आधी हे लक्षात घ्या की या लोकांचे फोटो बाहेरच्यांनी आधीच भरपूर काढून नेलेत, आणि बरेचसे गरिबी दाखवायलाच. १९३६ मध्ये वॉकर इव्हान्स या फोटोग्राफरने अलाबामाच्या हेल काउंटीत वाट्याने कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांचे फोटो काढले, आज ते म्युझियममध्ये आहेत, पण त्या घरांतल्या काहींचा राग पुढे कित्येक वर्षं गेला नाही. १९६७ ला तर पूर्व केंटकीत ह्यू ओ'कॉनर नावाच्या कॅनेडियन फिल्ममेकरला घरमालकाने गोळी घालून मारलं, भाडेकरूने शूटिंगला हो म्हटलेलं असूनसुद्धा. घाबरवत नाहीये, पण जागा कोणाची हे आधी विचारा.

अंगणात सरळ घुसू नका. गाडी दिसेल अशी लावा, लांबूनच हाक मारा, कॅमेरा बॅगेत राहू द्या. अलाबामा, आर्कान्सा, टेक्ससमध्ये झाडावर जांभळा पट्टा मारलेला असेल तर कायद्याने तो 'आत येऊ नये'च्या पाटीइतकाच पक्का, तिथून मागे फिरायचं. बोलताना 'येस मॅम', 'नो सर', आणि ओळख झाली की आजीबाईंना 'मिस' लावून पहिलं नाव. कुठला तू हे विचारणारच, मला तर हमखास विचारतात की हायवेवरचं मोटेल तुझं का (इथली बरीच मोटेलं पटेल मंडळी चालवतात, त्यांची कृपा!), आणि खरं सांगायचं तर तिथूनच गप्पा चालू होतात. रविवारी चर्च सुटल्यावर लोक मस्त नटलेले असतात, पण पास्टरला आधी भेटा.

उजेडासाठी पोर्चसारखी जागा नाही, माणूस सावलीत पण तोंड उघड्या आकाशाकडे. एकच सांभाळा, जॉर्जिया-साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याकडे भुतं येऊ नयेत म्हणून पोर्चचं छत फिकट निळं रंगवतात, त्याची झाक चेहऱ्यावर येते, तर व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंग जुळवायचं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. काळ्या माणसाचा फोटो असेल तर एक्स्पोजर (फोटो किती उजळ यावा याचं माप) चेहऱ्यावरून घ्या, मागच्या उजेड्या अंगणावरून घेतलं की चेहरा पार बुडतो.

कपडे, पोझ, कुठे बसायचं हे त्यांना ठरवू द्या. आर्कान्साच्या हेबर स्प्रिंग्समध्ये माइक डिसफार्मर या फोटोग्राफरचा साधा स्टुडिओ होता, शेतकरी आपणहून, पैसे देऊन यायचे, आणि त्या फोटोंत कोणीही बिचारं दिसत नाही, कॅमेऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून उभे असतात. मला इव्हान्सपेक्षा तोच जास्त आवडतो, वाद घालायचा तर घाला.

प्रिंट मात्र नक्की द्या, ईमेलवर फाइल नाही, कागदावरची, आणि शक्यतो स्वतः जाऊन. जाहिरातीत वापरणार असाल तर रिलीज फॉर्मवर (फोटो वापरायच्या परवानगीचा कागद) सही लागेल, ते फोटो काढायच्या आधी सांगा. आणि ऑगस्टमध्ये एसी गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर धुकं धरतं, त्यामुळे तो डिकीतच ठेवत जा.